सविताची जागा

सविता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात, माझ्या केबिनमध्ये, अंतर्गत गुणांच्या याद्या तपासत होते. फोनवर तिचा धाकटा भाऊ दत्तू होता. ‘ताई, सवीताई गेली,’ एवढंच म्हणाला आणि मागे गाडीचा आवाज येत राहिला... नाशिकला नेता नेता, सिन्नरच्या अलीकडेच सगळं संपलं होतं. डेंग्यू. आठ दिवस अंगावर काढलेला ताप. वय त्रेचाळीस. मी फोन ठेवला, आणि पुढच्या अर्ध्या तासात आमच्या प्राचार्यांचा निरोप घेऊन शिपाई दारात उभा राहिला, ‘सर म्हणाले, सविता मॅडम तुमच्या जवळच्या होत्या, ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहून द्या.’ मी दिल्या. ‘जागतिक वित्त आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयांच्या गाढ्या अभ्यासक’ असं काहीतरी लिहिलं. दुपारपर्यंत त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी चौदा वर्षांत तिला एकदाही ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं, त्यांनीही हात जोडले होते. आणि त्या चार ओळी लिहिणारी मी... माझ्याबद्दल पुढे सांगतेच.

सविता आणि मी बी.ए.ला नगरला एकाच होस्टेलवर, एकाच खोलीत होतो. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण आम्ही तेव्हा आणि अजूनही नगरच म्हणतो. मी राहात्याची. घरी कालव्याखालची जमीन, पेरूची बाग, वडील सोसायटीत, त्यामुळे ओळखीपाळखी भरपूर. ती राजूरच्याही पलीकडची, भंडारदऱ्याच्या बाजूची. वडील धरणाच्या दरवाज्यांवर कामाला. पहिल्या दिवशी तिनं ट्रंक कॉटखाली सारली आणि मला विचारलं, ‘तू राहात्याची? म्हणजे आमचं पाणी पिऊन मोठी झालेली.’ मला वाटलं भांडण काढतेय. पण ती हसत होती. तिची बोलण्याची तऱ्हाच ती होती. समोरच्याला लागेल असं खरं बोलायचं, आणि वर हसायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले होते. तिचे वडील आम्हाला धरणाच्या भिंतीवर घेऊन गेले. तुडुंब भरलेलं पाणी, आणि खालच्या उतारावरून तिची आई डोक्यावर हंडा घेऊन वर येत होती, कारण वाडीला नळ नव्हता. मी भाबडेपणानं विचारलं, ‘बाबा, दरवाजा केव्हा उचलायचा हे तुम्ही ठरवता?’ ते केवढ्यानं हसले. ‘आमी कशाला ठरवतोय पोरी? वरून फोन येतो. आवर्तन सोडा म्हनले का सोडायचं, बंद करा म्हनले का बंद. पानी जातं तुमच्याकडं. पेरूच्या बागा हायेत न्हवं तुमच्या? मंग हे तुमचंच.’ त्यांच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता, आणि त्यामुळंच मला मान वर करवेना. परत येताना सविता म्हणाली, ‘लहानपणापासून मला एकच गोष्ट बघायचीय. तो फोन करतो कोण?’

पुढे तिनं तो फोन करणारा शोधायचं शिक्षण घेतलं, असं मी विनोदानं म्हणायची. बी.ए.नंतर मी पुण्याला एम.ए.ला गेले. ती तीन वर्षं एका आश्रमशाळेत शिकवत राहिली आणि तिथूनच तिनं सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. लंडनला जाऊन जागतिक वित्त आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयात पदव्युत्तर शिक्षण! राजूरच्या बाजाराच्या दिवशी तिच्या वडिलांनी ही बातमी ज्याला त्याला सांगितली, आणि जो तो विचारी, ‘म्हंजी नक्की काय शिकनार?’ सवितानं एका म्हाताऱ्या नातेवाइकाला दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. ‘नाना, आपल्या ताटात काय वाढायचं हे हजारो कोसांवरच्या टेबलाशी बसून ठरतं. त्या टेबलाशी कोण बसतं, कुणाच्या जिवावर बसतं, ते शिकायचं.’ नाना जरा विचार करून म्हणाले, ‘त्याला लंडनला कशाला जायला पायजे? नगरला जाऊन ये.’

तिथून ती लांबलचक ईमेल लिहायची. वर्गात कुठकुठल्या देशांतली मुलं होती. एक ग्रीसची मुलगी आपल्या वडिलांचं निवृत्तिवेतन कसं कापलं गेलं हे सांगता सांगता भर वर्गात रडली, आणि प्राध्यापकांनी तास थांबवला नाही, ‘हेच आजचं प्रकरण’ म्हणाले. घानाचा एक मुलगा सविताला म्हणाला होता, तुमच्या देशाशी आमचे आकडे जुळत नाहीत, पण तुझ्या वाडीशी जुळतात. चलनाचा भाव, व्याजदर, एखाद्या देशाची पत कोण ठरवतं, मदतीच्या कागदावर कोणत्या अटी असतात, त्या अटींमुळे कुठल्या खेड्यातला दवाखाना बंद पडतो... हे सगळं ती असं लिहायची की मला इथे बसून अर्थशास्त्र शिकवण्याची लाज वाटावी. शिक्षण संपल्यावर तिला तिथंच एका अभ्याससंस्थेत नोकरी लागली. दोन वर्षं झाली होती. आणि मग मी तिला फोन केला.

होय, फोन मीच केला होता. मला तेव्हा आमच्या कॉलेजात लागून दीड वर्ष झालं होतं. अर्थशास्त्राची आणखी एक जागा निघत होती. मी म्हटलं, ‘ये परत. तिथे तुझ्यासारख्या शंभर असतील. इथे एकही नाही. आपल्या पोरांना हे कोण शिकवणार?’ तिनं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘बाबांचा एक पाय नीट चालत नाहीये. आणि तू म्हणतेस ते खरंच आहे. येते.’ पुण्याच्या विमानतळावर मी तिला आणायला गेले होते. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. गाडीत बसल्या बसल्या तिनं मला विचारलं, ‘पहिल्या तासाला काय घेऊ गं? कांद्यापासून सुरुवात करू?’

अर्जांच्या छाननीला विभागाच्या वतीनं मी होते. तेव्हाच्या प्राचार्यांनी तिचा अर्ज वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, ‘बाई हुशार दिसतात. पण पदवी एक वर्षाची आहे, आपल्याकडे दोन वर्षांची लागते. समकक्षता प्रमाणपत्र नाही. आणि विषय? धड अर्थशास्त्र नाही, धड राज्यशास्त्र नाही.’ मी म्हटलं, ‘सर, दोन्ही आहे.’ ते हसले. ‘दोन्ही म्हणजे कागदावर एकही नाही. तुम्ही फक्त विषय जुळतो की नाही एवढं लिहायचं. बाकीचं आम्ही बघतो.’ त्यांच्या टेबलावर माझी स्वतःची फाईल होती, मला कायम करण्याची. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली नाही, मागेही घेतली नाही. नुसती तिथे होती... मी ‘विषय जुळत नाही, अपात्र’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या जागेवर संस्थेच्या एका संचालकांचा जावई लागला. त्याचा विषय जुळत होता. तो गेली चौदा वर्षं एकच वही वाचून दाखवतोय.

सविताला मी सांगितलं की समितीनं ठरवलं, माझं काही चाललं नाही. ती म्हणाली, ‘असू दे. तासिकेवर तर घेतील ना?’ घेतलं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच मेहनताना, सुट्टी नाही, रजा नाही, आजारपण नाही, आणि उन्हाळ्यात तुम्ही अस्तित्वातच नसता. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत. दर वर्षी तिला विचारत, ‘आपली पदवी नेमकी कशातली?’ दर वर्षी ती तेच सांगे. सकाळी आमच्याकडे शिकवून दुपारी चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात एसटीनं जाई. समकक्षता प्रमाणपत्रासाठी तिनं किती फेऱ्या मारल्या याला गणती नाही. एका कार्यालयानं कागद दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्यानं विद्यापीठाकडे, विद्यापीठानं विचारलं की हा विषय आमच्या यादीत नाही, तर आम्ही तो कशाच्या बरोबरीचा म्हणायचा? शेवटी वैतागून तिनं बाहेरून अर्थशास्त्राचं एम.ए. करायला घेतलं. जिनं लंडनमध्ये या विषयावर प्रबंधिका लिहिली होती ती आमच्याच परीक्षा हॉलमध्ये, तिच्या जुन्या विद्यार्थिनींच्या शेजारी बसून ‘आंतरराष्ट्रीय व्यापाराचे फायदे व तोटे’ लिहीत होती. त्याच पेपरला तिला सगळ्यात कमी गुण पडले. तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. परीक्षकानं समासात लिहिलं होतं, ‘अपेक्षित मुद्दे नाहीत.’ ती प्रत घेऊन ती माझ्याकडे आली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसता आलं नाही. एम.ए. झालं तोवर भरती बंद झाली होती.

पण शिकवायची काय! एकदा मी वऱ्हांड्यातून जाताना तिच्या वर्गाशी थबकले. तिनं वर्गाचे दोन भाग केले होते. व्यासपीठावर तीन मुलं खुर्च्यांवर, ती म्हणजे कर्ज देणारी जागतिक संस्था. खाली बाकांवर उरलेली मुलं, तो म्हणजे अडचणीत आलेला एक देश. त्या देशाची अर्थमंत्री होती राजूरकडच्या एका वाडीतली लीला नावाची मुलगी, जी एरवी हजेरीलाही मान खाली घालून ‘हाय’ म्हणायची. व्यासपीठावरच्या मुलानं अटी वाचून दाखवल्या. खताचं अनुदान बंद, रेशन कमी, सरकारी दवाखान्यात फी. मग कागद पुढे केला, ‘इथं सही करा.’ लीला उठली. ‘आमी सही करनार न्हाई.’ वर्ग हसला. तो मुलगा म्हणाला, ‘मग पैसा मिळणार नाही.’ ‘नगं मिळू दे. रेशन बंद केल्यावर आमची आजी काय खाईल? पन सही न्हाई.’ आता कुणी हसलं नाही. सविता शांतपणे म्हणाली, ‘लीला, मला तिकडं हे कळायला वर्ष लागलं होतं. तुझं एका तासात झालं.’ मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. मी उभी होते. तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि फळ्याकडे वळली.

ते बघणं मला पुढे कितीतरी दिवस पुरलं. एक दिवस कॅन्टीनमध्ये चहा पिताना तिनंच विषय काढला. आवाज अगदी साधा, जसं ‘साखर दे’ म्हणावं.

‘माझ्या अर्जावर अपात्र तूच लिहिलंस ना?’

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, ‘माहितीच्या अधिकारात प्रत मागवली होती. पाच वर्षं झाली त्याला. तुझी सही मी ओळखणार नाही होय? होस्टेलच्या रजिस्टरमध्ये मला उशीर झाला की माझ्या नावापुढे तूच करायचीस.’

‘पाच वर्षं? मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं? तू म्हणाली असतीस, विषय जुळत नव्हता. आणि कागदावर ते खरंच होतं.’ तिनं चहा संपवला. ‘मला राग त्याचा नाही, सुरेखा. नाही लिहिलं असतंस तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. पण तू मला पुण्याला आणायला आली होतीस... त्याच महिन्यात लिहिलंस. तेवढं मला जमत नाही समजून घ्यायला.’ एवढं बोलून ती तासाला गेली. त्यानंतरही ती माझ्याशी बोलत राहिली, माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाला पेढे मागून घेतले. तिनं मला माफ केलं असं लिहायचा मोह होतोय. पण तसं काही झालं नाही. तिनं नुसतं बोलणं तोडलं नाही, एवढंच.

शेवटची भेट पेपर तपासणीच्या केंद्रावर झाली. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि ती खिडकीशी अंगावर शाल घेऊन बसली होती. कपाळाला हात लावला तर भाजत होतं. मी म्हटलं, ‘डॉक्टरला दाखवलंस?’ ‘गोळी घेतलीय. दोन दिवसांत गठ्ठे संपतात, मग दाखवते. आत्ता सोडलं तर पुढच्या वर्षी म्हणतील, ह्या बाई अर्धवट सोडून जातात.’ ‘सविता, आत्ता चल. माझी गाडी आहे बाहेर.’ ‘तू जा. तुझ्याकडे पाहुणे यायचेत म्हणालीस ना.’ पाहुणे खरंच यायचे होते. मी निघाले. दारातून वळून पाहिलं तर ती शालीतून हात बाहेर काढून लाल पेनानं कुणाच्या तरी उत्तराखाली काहीतरी लिहीत होती. फक्त गुण देऊन ती कधी थांबायची नाही, शेरा लिहायचीच... मी तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. मला ते कळत होतं, तरी मी पायऱ्या उतरले. चौथ्या दिवशी दत्तूनं तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकला न्यायला सांगितलं, आणि रस्त्यात...

कॉलेजात शोकसभा झाली. फ्लेक्सवर तिच्या नावाआधी ‘प्रा. डॉ.’ छापलं होतं. डॉक्टरेट तिनं केलेली नव्हती, आणि ‘प्रा.’ लावल्याबद्दल तिला एकदा लेखी समज मिळाली होती, की तासिकेवरच्या शिक्षकांनी हे पद लावू नये. तेव्हाचे प्राचार्य आता संस्थेचे सल्लागार आहेत. ते बोलायला उठले आणि म्हणाले, ‘सविताताई म्हणजे आमच्या संस्थेची जागतिक खिडकी होती.’ टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून काहींनी वाजवल्या. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, शेजारी दत्तू. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माईक त्यांच्यापुढे धरला, ‘बाबा, दोन शब्द.’

ते उठले नाहीत. माईककडेही त्यांनी बघितलं नाही. ‘मी काय बोलू? पोरगी म्हनायची, बाबा, माजी जागा हाय तिथं. चौदा वर्सं झाली, मी काय हितं आलो न्हवतो. तिची खुर्ची कुठली तेवढी दाखवा. हात लावतो आन् जातो.’

तासिकेवरच्या शिक्षकांना आमच्याकडे खुर्ची नसते. स्टाफरूममध्ये कायम माणसांची टेबलं आहेत, नावांच्या पाट्या आहेत. ती तिथे कधी बसली नाही. एका तरुण सहकाऱ्यानं पटकन व्यासपीठावरची गादीची खुर्ची उचलून आणायला घेतली. मी तेव्हा उठले. निदान तेवढं तरी केलं. ‘बाबा, या माझ्याबरोबर,’ म्हटलं. स्टाफरूमच्या बाहेर, ग्रंथालयाला जाणाऱ्या वऱ्हांड्यात, नोटीस बोर्डाखाली एक लांब लाकडी बाकडं आहे. आमचे शिपाई पोपटमामा आमच्याआधीच तिथे पोचले होते आणि खांद्यावरच्या फडक्यानं ते पुसत होते. ‘बाबा, हितं बसायच्या बाई. ह्या टोकाला. पोरं हितंच यायची त्यांच्याकडं शंका घिऊन.’ त्या टोकाला भिंतीचा रंग डोकं टेकून टेकून काळवंडला होता. मी रोज तिथून जात होते, आणि तो डाग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

म्हातारा काठी टेकत हळूच बसला. तळहात फळीवर ठेवला. मग मान वर करून मला विचारलं, ‘आन् म्याडम, तुमी कुठं बसता?’ एकेकाळी हे मला ‘पोरी’ म्हणत.

मी समोरच्या दाराकडे बोट केलं. माझ्या नावाची पाटी होती.

त्यांनी दाराकडे पाहिलं, बाकड्याकडे पाहिलं. मधलं अंतर फार तर सात-आठ पावलं. ‘म्हंजी लांब न्हवतं,’ ते म्हणाले.

त्या दिवशी सगळ्यांसमोर मला सांगता आलं नाही की तिच्या अर्जावर अपात्र लिहिणारा हात माझा होता. म्हणून इथे लिहितेय. लिहिल्यानं काही होत नाही, हे मला माहीत आहे. यंदाच्या जूनमध्ये तिच्या तासांवर एक नवी मुलगी आली आहे. चांगली आहे, हसतमुख आहे, तिचीही पदवी कसल्यातरी यादीत बसत नाही म्हणतात. ती त्याच बाकड्यावर, पण दुसऱ्या टोकाला बसते. डागाचं टोक तिनं आपणहून सोडलंय, कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजची रंगरंगोटी निघाली तेव्हा पोपटमामांनी तेवढा तुकडा रंगवू दिला नाही. मी सकाळी तिथून जाते तेव्हा ती मुलगी उठून ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणते, आणि मी पुढे होऊन कुलूप काढते. माझ्या केबिनला दुसरा रस्ता नाही.